पलटण

पुसेगावच्या स्टँडवर कंडक्टर विचारायचा,
"फलटण का?"
मी म्हणायचे, "नाही, पलटण."
तो हसायचा. आमच्या गावाला तेवढी ओळख पुरायची :
घरटी एक माणूस पलटणीत.

शब्द आमचाच आहे असं मला वाटायचं.
'पलटणे'पासून आला असणार,
जो मागं पलटून घरी येतो तो पलटणीतला.
चौथीत तसं वहीत लिहिलंही,
आणि घोरपडे गुरुजींनी, स्वतः माजी हवालदार,
लाल शाईनं खाली एवढंच लिहिलं :
"सगळे नाही."

वेशीजवळ दगड आहे.
बसऱ्याला गेलेल्यांचा आकडा त्यावर कोरलाय, नावं नाहीत.
एकेचाळीस गेले. किती पलटले, ती ओळ
शेळ्यांच्या दाव्यांनी घासून गुळगुळीत.

आता मी साताऱ्यात इंग्रजी शिकवते.
अकरावीतल्या काटकरनं विचारलं,
"बाई, प्लॅटून म्हणजे पलटणच ना?
मग पुस्तकात तीसच माणसं कशी?
आमचे आजोबा म्हणायचे, पलटण म्हणजे हजार."

खरंच की.
बोटीतून उतरला तेव्हा शब्द लहान असणार,
इकडं येऊन बाजरीवर वाढला.
मग रजेवर घरी आला आणि पुन्हा आखूड झाला :
"आली बघा जनाक्काची पलटण"
म्हणजे पाच पोरं, तीन चपला,
जत्रेत एका गारीगारवर तुटून पडलेली.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये जाड कोश काढला.
इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून उचललेला.
तिथं, एका दमात गोळ्या झाडणारी लहान टोळी.
त्याच्याही आधी
कसली टोळी नाही, गोळी नाही,
नुसता गोळा. छोटा चेंडू.
सुताचा, लोकरीचा
गुंडा.

त्या ओळीवर बोट ठेवून मी बसले.
शिपाई पंखा बंद करून गेला, तरी बसले.

अण्णा पलटले ते धड.
दोन हात, दोन पाय, एक ट्रंक,
आणि शेवाळी स्वेटर, कोपरांवर विरलेला.
पुढं अठरा वर्षं बँकेच्या दारात दुनळी घेऊन स्टुलावर.
बोलायचे नाहीत फारसं.
झोपेत मात्र कुणाला तरी म्हणायचे, "थम."

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात
आईनं स्वेटर उसवायला घेतला.
मी चिडले. ती म्हणाली, "लोकर चांगली आहे अजून. हात धर."
मी हात धरले.
नंबराची पट्टी तिनं दातांनी तोडली.
आधी बाह्या गेल्या, मग गळा,
छातीपाशी धागा दोनदा तुटला,
दोन्ही वेळा तिनं थुंकी लावून वळला.
कोपरापाशी तर काही नव्हतंच उसवायला.
दिवेलागणीला तिच्या मांडीवर
नारळाएवढा गुंडा,
आणि माझे हात तसेच पुढं, रिकामे,
कुणी शरण आल्यासारखे.

आईला इंग्रजी येत नाही.
'थम' इंग्रजीच आहे असं तिला वाटतं,
कुत्र्याला म्हणते.
फ्रेंच नावाची भाषा असते हे मी सांगितलं तर
"असंल" म्हणेल आणि तांदूळ निवडेल.
पण कोशातली ती शेवटची ओळ
माझ्या वीस वर्षं आधी
तिनं हातांनी वाचली होती.

गुंडा अजून ट्रंकेत आहे, दोन सुया खुपसलेल्या.
काय विणायचं ते ठरलं नाही.

सकाळी कोशातलं सगळं सांगायचं म्हणून वर्गात गेले
तर काटकरचा बाक मोकळा.
"भरतीला गेलाय, बाई," मागून कुणीतरी म्हणालं.
"सोळाशे मीटर आज."
मी हजेरीवर लाल पेन टेकवलं.
त्याच्या नावापुढं काही लिहिलं नाही.
पुढचा नंबर घेतला.